भाड्याचं घर सोडताना: ठाणे आणि नवी मुंबईतल्या भाडेकरूंसाठी नोटिशीची सगळी प्रक्रिया

गुप्तहेरांच्या मालिकांमध्ये भाड्याच्या घराला मोठी भूमिका असते. गजबजलेल्या वस्तीतला फ्लॅट रोख पैसे मोजून घेतला जातो, नाव खोटं, कागद काहीच नाही, आणि सुगावा लागल्याची कुणकुण आली की मंडळी रातोरात पसार. २०१९ मध्ये आलेल्या 'द फॅमिली मॅन'मधला श्रीकांत तिवारी मुंबईत मध्यमवर्गीय संसार सांभाळून हेरगिरी करतो, म्हणून आपल्याकडे ती मालिका जास्तच जवळची वाटली. अशा मालिका मी आवडीने बघतो. पण लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीचं काम रोज हातून जात असल्यामुळे घर सोडण्याचा प्रसंग आला की माझ्या मनात वेगळाच हिशेब सुरू होतो. घोडबंदर रोडवरचा किंवा कोपरखैरण्यातला खराखुरा भाडेकरू असा निघून गेला, तर त्याचं डिपॉझिट मागेच राहील. हेराला आपला माग पुसायचा असतो. भाडेकरूने मात्र प्रत्येक पावलाचा माग जपून ठेवायचा असतो, आणि नोटिशीच्या बाबतीत तर तारखेसकट.

ठाण्यात घर सोडण्याचा हंगाम ठरलेला आहे. शाळा जूनमध्ये सुरू होतात, पाऊसही तेव्हाच येतो, त्यामुळे बहुतेक कुटुंबं मे महिन्यात टेम्पो लावतात. नोटिशीची भांडणंही एप्रिल-मे मध्येच सर्वांत जास्त होतात. ती टाळण्यासाठी काय करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी आपल्या हातातला कागद ओळखा

नोटीस किती दिवसांची द्यायची, हा प्रश्न नंतरचा. तुमचं आणि मालकाचं नातं कायद्याच्या भाषेत काय आहे, हे आधी बघायला हवं, कारण उत्तर त्यावर बदलतं.

नव्या इमारतींमधली जवळजवळ सगळी घरं लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली असतात. बोलताना आपण भाडं आणि भाडेकरू म्हणतो, पण करारात 'लायसेन्सर' आणि 'लायसेन्सी' असे शब्द असतात. लायसन्स म्हणजे राहण्याची परवानगी. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार अशा परवानगीने घरात तुमचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. नौपाड्यातल्या किंवा जुन्या ठाण्यातल्या पागडीच्या खोलीत राहणारा माणूस मात्र खऱ्या अर्थाने भाडेकरू असतो. त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं संरक्षण आहे, आणि ते भक्कम आहे. तो कायदेशीर भाडं भरत असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज मालक त्याला काढू शकत नाही. भाडं थकलं तरी लेखी मागणीची नोटीस पोचल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही. पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मालकाची किंवा बिल्डरची कोणतीही नोटीस आली तर वकिलाला दाखवल्याशिवाय एकाही कागदावर सही करू नका आणि किल्लीही देऊ नका. या लेखातला पुढचा भाग त्यांच्यासाठी नाही, तो लिव्ह अँड लायसन्सवाल्यांसाठी आहे.

तिसरा प्रकार आहे नोंदणीच न केलेल्या कराराचा. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?' हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या नोंदणी कायद्यातल्या तरतुदीवरून ते आलं. महाराष्ट्रात ते चालत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो वा पाच वर्षांचा. ही जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि अटींवरून वाद झाला तर, उलट सिद्ध होत नाही तोपर्यंत, भाडेकरू सांगेल तीच अट खरी धरली जाते. म्हणजे कागद नसेल तर जास्त धोका मालकाला आहे. तरीही माझा सल्ला नोंदणीचाच आहे, कारण कोर्टात जिंकण्यापेक्षा कोर्टात जावंच न लागणं बरं.

तुमच्याकडे कराराची प्रत नसेल तर एजंटच्या मागे लागत बसू नका. ऑनलाइन नोंदणी झाली असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त क्रमांकावरून सूची दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो तो नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, मिळते. दस्त क्रमांक नोटिशीत लिहायचा आहे, तो आत्ताच टिपून ठेवा.

करारातली चार कलमं, शांतपणे वाचायची

मुदत, लॉक-इन, रद्द करण्याची अट आणि डिपॉझिट. बाकीची पानं नंतर वाचली तरी चालतील. लेखी लायसन्स करारात जे नमूद आहे, तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानावा असं १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. तोंडी काय ठरलं होतं याला त्यापुढे फारसं वजन राहत नाही.

मुदत संपण्याच्या तारखेला लायसन्स आपोआप संपतं. त्यासाठी कोणी कोणाला नोटीस द्यावी लागत नाही. हे अनेकांना माहीत नसतं. मालकाने नोटीसच दिली नाही, मग आम्ही का सोडायचं, असा त्यांचा पवित्रा असतो आणि तो महागात पडतो. त्याच कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावरही घर अडवून बसलात तर ठरलेल्या फीच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. पंचवीस हजारांच्या घरासाठी महिना पन्नास हजार होतात. त्यामुळे पुढे राहायचं असेल तर मुदत संपण्याआधी दीड-दोन महिने मालकाशी बोला आणि नवा करार नोंदवा. 'चालू ठेवा, नंतर करू' असा व्हॉट्सॲपवरचा होकार नव्या कराराची जागा घेत नाही.

लॉक-इनचं कलम सर्वांत काळजीपूर्वक वाचायचं. साधारण मसुद्यात असं लिहिलेलं असतं की या काळात मालकाने घर रिकामं करायला सांगू नये आणि लायसेन्सीनेही सोडून जाऊ नये. सोडलंच तर उरलेल्या लॉक-इनची फी द्यावी, आणि मालकाने काढलं तर त्याने झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी. दोन्ही बाजू लिहिल्या आहेत का ते बघा. फक्त भाडेकरूला बांधणारं लॉक-इन असेल तर सही करण्यापूर्वीच दुरुस्ती मागा. मालक सहसा हो म्हणतात, कारण ते कलम त्यांनीही वाचलेलं नसतं.

इथे एक नेहमीचा वाद होतो. लॉक-इन चालू असताना नोटीस देऊन ती लॉक-इन संपल्यावर पुरी होईल अशी सोय करता येते का? करारात फक्त 'लॉक-इनच्या काळात घर सोडू नये' असं असेल, तर नोटीस त्या काळात द्यायला हरकत दिसत नाही, घर सोडण्याची तारीख तेवढी पुढची हवी. पण 'लॉक-इन संपल्यानंतरच नोटीस देता येईल' असं स्पष्ट लिहिलं असेल तर एक महिना जास्त धरूनच चला. दोन वाक्यांतला फरक बारीक आहे, त्याची किंमत मात्र एक महिन्याचं भाडं आहे.

रद्द करण्याच्या अटीत बहुधा एक महिन्याची लेखी नोटीस असते, कधी दोन महिन्यांची. काही करारांत मालकाला कारण असेल तरच नोटीस देता येते, जसं की फी थकली किंवा अटी मोडल्या. काहींत विनाकारणही देता येते. आपल्या करारात कोणतं आहे ते बघा. आणि नोटिशीचं कलमच नसेल तर? सुविधाधिकार कायद्याचं कलम ६३ सांगतं की लायसन्स रद्द झाल्यावर लायसेन्सीला घर सोडण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मिळाला पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मधली पंधरा दिवसांची नोटीस महिनेवारी भाडेपट्ट्यासाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या वादात ती सरसकट पुढे केली जाते, पण लायसन्स हा भाडेपट्टा नाही.

दिवस मोजणं

समजा करार १ सप्टेंबर २०२५ ते ३१ जुलै २०२६ असा अकरा महिन्यांचा आहे. लॉक-इन सहा महिन्यांचं, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. नोटीस एक महिन्याची. तुम्ही ५ फेब्रुवारीला पत्र लिहिलं, ६ ला पोस्टात टाकलं आणि मालकाच्या हाती ते ९ फेब्रुवारीला पडलं. महिना ५ पासून मोजायचा नाही, ६ पासूनही नाही. तो ९ पासून मोजायचा, आणि ९ मार्चला संपतो. मिळाल्याचा दिवस सोडून पुढून मोजतात, आणि महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, तीस दिवस नव्हेत.

मार्चचं भाडं मग किती? पंचवीस हजारांना ३१ ने भागून ९ ने गुणलं की ७,२५८ रुपये येतात. काही मालक म्हणतात, महिना मोडत नाही, पूर्ण द्या. करारात तसं लिहिलं असेल तर द्यावं लागेल. लिहिलं नसेल तर दिवसांचा हिशेब मागणं योग्य आहे, आणि तो आकडा नोटिशीतच टाकून दिला तर नंतरची घासाघीस वाचते.

मे अखेरीस घर सोडायचं असेल तर मालकाच्या हातात नोटीस ३० एप्रिलपर्यंत पोचली पाहिजे. पोस्टाचे चार-पाच दिवस धरून २४-२५ एप्रिलला पत्र टाका. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुष्कळ मालक मुलांच्या सुट्टीमुळे गावी जातात, दाराला कुलूप असतं आणि पोस्टमन परत फिरतो. आणखी आठ दिवस हाताशी ठेवले तर उत्तम.

मजकूर

तोंडी नोटिशीचं काय होतं ते या दोन ओळींत कळेल.

'काका, आम्ही पुढच्या महिन्यात घर सोडायचं म्हणतोय.'

'बरं बरं, बघू या की, घाई काय आहे?'

हे लिफ्टजवळ झालेलं बोलणं. भाडेकरूच्या मते नोटीस दिली गेली, काकांच्या मते विषय निघाला होता इतकंच. दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणून लेखी पत्र हवं, आणि संबंध कितीही घरचे असले तरी ते देताना संकोच करू नये. पत्र सौम्य भाषेत, छोटं आणि आकड्यांनी भरलेलं असावं. वकिलाची गरज नाही. नमुना असा:

*श्री./श्रीमती ______ यांस,*
*आपल्या मालकीच्या सदनिका क्र. ____, ______ सोसायटी, ठाणे (प.) या जागेबाबत आपल्यात झालेला लिव्ह अँड लायसन्स करार, दस्त क्रमांक ______, दिनांक ______. सदर कराराच्या कलम क्र. ___ नुसार मी/आम्ही आपणास एक महिन्याची नोटीस देत आहोत. ही नोटीस आपणास मिळाल्यापासून एक महिना पूर्ण होताच, म्हणजे दिनांक ______ रोजी, आम्ही जागेचा ताबा आपणास परत देऊ. त्या तारखेपर्यंतची फी रु. ______ आम्ही भरू. आमची अनामत रक्कम रु. ______ आपणाकडे जमा आहे. ताबा देतेवेळी ती खालील बँक खात्यात परत करावी. जागेच्या पाहणीसाठी आपणास सोयीचा दिवस कळवावा, ही विनंती.*
*दिनांक, सही, नाव, मोबाइल क्रमांक*

करारात जितकी नावं लायसेन्सी म्हणून आहेत तितक्या सह्या हव्यात. ऐरोली-घणसोलीत कंपन्यांत काम करणारी तीन-चार मुलं मिळून फ्लॅट घेतात, त्यातला एक जण नोकरी बदलली म्हणून एकटाच नोटीस देतो. ती सगळ्यांची नोटीस होत नाही. एकानेच जायचं असेल तर मालकाशी बोलून करारात बदल करावा लागतो, नाहीतर त्याचं नाव आणि त्याच्या वाट्याचं डिपॉझिट दोन्ही अडकून राहतात. मालकांच्या बाजूलाही तेच आहे. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल आणि करारात दोघं असतील तर पत्र दोघांच्या नावाने जावं. मालक परदेशात असून मुखत्यारपत्रावर भाऊ किंवा वडील व्यवहार बघत असतील तर पत्र त्यांना आणि ईमेल थेट मालकाला.

पोचवणं, आणि पोचल्याचा पुरावा

पत्र लिहिणारे पुष्कळ असतात, पोच घेणारे फार थोडे. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत जास्तीत जास्त लक्ष इथे द्यायला हवं.

सर्वांत चांगला मार्ग हातोहात देण्याचा. दोन प्रती काढा. एक मालकाला द्या आणि दुसरीवर त्यांच्याकडून 'मिळाले', सही आणि तारीख घ्या. तारीख त्यांच्याच हातची हवी. या प्रतीचा लगेच फोटो काढून स्वतःला ईमेल करा. ही एवढी सही असली की पुढचं सगळं सोपं जातं.

मालक लांब राहत असतील किंवा सही द्यायला टाळत असतील तर पोस्ट. पूर्वीची रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. खिडकीवर स्पीड पोस्ट करताना नोंदणी आणि पोच या दोन्ही जोडसेवा स्पष्ट मागून घ्या. करारात मालकाचा जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर पाठवा. ते आता पुण्याला राहत असल्याचं तुम्हाला माहीत असेल तर दोन्ही पत्त्यांवर पाठवा. पावती जपून ठेवा, ट्रॅकिंगचं पान 'डिलिव्हर्ड' दिसताच स्क्रीनशॉट घ्या, कारण ते पान कायम तिथे राहत नाही. पत्र 'घेण्यास नकार' असा शेरा येऊन परत आलं तर घाबरू नका. योग्य पत्त्यावर, तिकिटासह, नोंदणी करून पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो आणि नकाराचा शेरा तुमच्याच बाजूने जातो. परत आलेलं पाकीट उघडू मात्र नका, तसंच बंद ठेवा.

त्याच दिवशी पत्राची पीडीएफ व्हॉट्सॲप आणि ईमेलवरही पाठवा. नुसत्या निळ्या टिकांवर विसंबू नका. 'काका, नोटिशीचं पत्र पाठवलंय, मिळालं का?' असा साधा प्रश्न खाली टाका. त्यांनी 'हो, मिळालं' एवढं लिहिलं तरी मोठं काम होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे इलेक्ट्रॉनिक पुरावे प्रमाणपत्रासह कोर्टात मांडता येतात. त्यासाठी मूळ फोन आणि मूळ संवाद हवा. डिपॉझिट हातात येईपर्यंत फोन बदलू नका, बदललाच तर जुना तसाच कपाटात ठेवा. संवाद आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा.

करारात 'लेखी नोटीस' म्हटलं असेल आणि ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालेल असं कुठेच लिहिलेलं नसेल, तर डिजिटल संदेश जोडीला असू द्या, त्याच्यावर सगळी भिस्त नको.

मालकाकडून नोटीस आली तर

पहिल्यांदा पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा आणि पाकीट फेकू नका. मग करार उघडा. लॉक-इन चालू आहे का, नोटिशीचे दिवस कराराप्रमाणे आहेत का, दिलेलं कारण करारात बसतं का, हे तीन प्रश्न. उत्तर आठवड्याच्या आत लेखी द्या. गप्प बसणं हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण पुढे त्याचा अर्थ संमती असा लावला जातो. नोटीस नियमात असेल तर 'अमुक तारखेला ताबा देतो, अनामत त्याच दिवशी परत करावी' एवढं उत्तर पुरे. नियमात नसेल तर कलमाचा क्रमांक देऊन नम्रपणे पण स्पष्ट लिहा.

'फ्लॅट विकलाय, पंधरा दिवसांत खाली करा' असं सांगणाऱ्या नोटिशी घोडबंदर पट्ट्यात वरचेवर येतात. यात भाडेकरूची बाजू वाटते तितकी मजबूत नाही. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार मालकाने मालमत्ता दुसऱ्याला दिली की नवा मालक त्या लायसन्सला केवळ त्या कारणाने बांधील राहत नाही. पण कलम ६४ भाडेकरूच्या बाजूचं आहे. पैसे मोजून घेतलेलं लायसन्स तुमची चूक नसताना मुदतीआधी मोडून तुम्हाला काढलं, तर देणाऱ्याकडून भरपाई मागता येते. लॉक-इनचं कलम असेल तर ही मागणी आणखी पक्की होते. नवं घर शोधण्याचा खर्च, दलाली आणि टेम्पोचं भाडं यांच्या पावत्या जपा. करार करतानाच 'विक्री झाल्यास खरेदीदाराने उरलेली मुदत पाळावी, यासाठी मालक बांधील राहील' अशी ओळ घालून घेतली तर पुढचा त्रास बराच कमी होतो.

मुदत संपल्यावरही भाडेकरू हलला नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे अर्ज ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही कोकण विभागात येतात, म्हणून अर्ज त्या विभागाच्या प्राधिकाऱ्याकडे जातो. तिथून समन्स आलं तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्रासह बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरून घर रिकामं करण्याचा आदेश निघतो. असं समन्स घरात पडून ठेवू नका, दुसऱ्याच दिवशी वकील गाठा.

कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, पाणी किंवा वीज तोडणं हा मालकाचा कायदेशीर मार्ग नाही. असं झालं तर फोटो-व्हिडिओ घ्या, ११२ वर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या. सोसायटीच्या सचिवांनाही लेखी कळवा. पाण्याची चावी पुष्कळदा सोसायटीच्याच हातात असते.

एक खुलासा इथेच करतो. 'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही' वगैरे संदेश सारखे फिरतात. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यातून घेतलेले आहेत. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. मालकाशी बोलताना तो संदेश पुढे करू नका, तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचंही वजन जाईल.

नोटिशीच्या महिन्यात

नवे भाडेकरू दाखवायला एजंट दिवसातून तीनदा बेल वाजवतात. मालकाला घर दाखवण्याची संधी द्यायला हवी, पण वेळ ठरवून. संध्याकाळी सात ते आठ आणि रविवार सकाळ असं लिहून कळवा.

शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळवून घ्या, असं परस्पर ठरवू नका. ही पद्धत फार रुळली आहे आणि माझा तिला ठाम विरोध आहे. भाडं थकवलं की करार मोडल्याचं कारण तुम्ही मालकाच्या हातात देता. त्यांनी लेखी मान्य केलं तर गोष्ट वेगळी.

विजेच्या मीटरचा आणि पाइप गॅसच्या मीटरचा फोटो शेवटच्या दिवशी काढा, आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसतील असा. सोसायटीला सामान हलवण्याची तारीख लेखी द्या आणि लिफ्ट वापरण्याचे नियम, शुल्क आधीच विचारून घ्या. सुरक्षारक्षकाने टेम्पो अडवला की दिवस फुकट जातो.

टीव्ही आणि इंटरनेट सगळ्यांत शेवटी आठवतात. ब्रॉडबँड बंद करायचं की नव्या पत्त्यावर न्यायचं ते दोन आठवडे आधी कळवा. नव्या इमारतीत त्या कंपनीची केबल असेलच असं नाही. राउटर आणि सेट-टॉप बॉक्स परत दिल्याची पावती घ्या. घर फर्निश्ड असेल आणि टीव्ही मालकाचा असेल तर निघण्यापूर्वी त्यावरच्या सगळ्या ॲपमधून बाहेर पडा. नुसतं ॲप काढून टाकणं पुरेसं नसतं. फोनवरून खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' निवडा, मग टीव्ही मूळ स्थितीत रीसेट करा. नाहीतर तुमची अर्धी बघितलेली मालिका पुढचा भाडेकरू तुमच्याच खात्यावर पुरी करतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खात्याला जोडलेलं कार्ड त्या दिवाणखान्यात उघडं राहतं.

किल्ली आणि डिपॉझिट

पाहणी घर रिकामं झाल्यावर, दिवसाउजेडी आणि दोघांच्या समक्ष करा. भिंती, नळ, गीझर, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, स्वयंपाकघराचा ओटा यांचा एकसंध व्हिडिओ काढा. राहायला आलात तेव्हा काढलेले फोटो शेजारी ठेवा. रंगकामाचे पैसे कापण्याची प्रथा ठाण्यात सर्रास आहे. करारात रंगाची रक्कम लिहिली असेल तर ती द्या. लिहिली नसेल, तर वापराने होणारी साधारण झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, आणि बहुतेक मसुद्यांत तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं. खिळ्यांची भोकं आणि फुटलेलं बेसिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापायचं असेल तर बिल मागा.

किल्ली आणि डिपॉझिट एकाच बैठकीत. मालक म्हणतील, आठवड्यात ट्रान्सफर करतो. माणूस चांगला असला तरी किल्ली देण्यापूर्वी पैसे खात्यात दिसू द्या, किंवा निदान पुढच्या तारखेचा चेक आणि लेखी कबुली घ्या. दुसरीकडे, डिपॉझिट मिळेपर्यंत म्हणून दोन-दोन महिने घर अडवून बसू नका, दुप्पट फीचं कलम तेव्हा तुमच्यावर उलटतं. पैसे येत नसतील तर ठरलेल्या दिवशी ताबा देण्याची तयारी लेखी कळवून ठेवा आणि वसुलीचा मार्ग वेगळा धरा.

ताबा पावती दोन प्रतींत करा. त्यात तारीख, वेळ, किती किल्ल्या दिल्या, मीटरचे आकडे, परत मिळालेली आणि बाकी राहिलेली रक्कम, आणि दोघांच्या सह्या असाव्यात. मुदतीआधी करार संपत असेल तर 'अमुक दस्त क्रमांकाचा करार या तारखेपासून उभयतांच्या संमतीने संपुष्टात आला' ही ओळ त्यात हवीच. हीच प्रत सोसायटीला द्या.

रक्कम अडली तर आधी स्वतः मागणीचं पत्र, नंतर वकिलाची नोटीस आणि शेवटी दिवाणी दावा. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, म्हणून सगळे कागद तेवढी वर्षं तरी सांभाळा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींनाही मिळते, इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. जाताना करार, नोटिशीची पोच आणि ताबा पावती यांच्या प्रती सोबत न्या.